बोअरच्या पाण्याचा हॉट टब: आधी क्षार आवरा, मग क्लोरीनकडे वळा

प्रश्न थोडक्यात असा. खुलताबादजवळ शेतावर छोटा फार्मस्टे आहे, वेरूळ बघायला येणारे पाहुणे तिथे उतरतात. गेल्या हिवाळ्यात १२०० लिटरचा ॲक्रिलिकचा हॉट टब बसवला. बोअरच्या पाण्याने भरला की तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं, जेटच्या तोंडाशी पांढरा खरखरीत थर धरतो आणि हीटर ‘फ्लो एरर’ (पाणी नीट वाहत नाही) दाखवून बंद पडतो. तरंगत्या डबीत क्लोरीनच्या गोळ्या कायम असतात, तरी पाण्याला उग्र वास येतो आणि पाहुण्यांचे डोळे चुरचुरतात. बोअरच्या पाण्याचा अहवाल सोबत आहे: एकूण हार्डनेस (जडपणा) ५६०, त्यातला कॅल्शियमचा ३२०, अल्कलिनिटी ३४०, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) १०५०, सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर. टबातल्या पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) ८.३ येतो. दर आठवड्याला टब रिकामा करणं शक्य नाही, कारण एप्रिलपासून टँकर सुरू होतो. तर क्लोरीन किती वाढवावं?

दादा, क्लोरीन वाढवू नका. तुमच्या टबाचा आजार क्लोरीनचा नाही, क्षाराचा आहे. क्लोरीन कमी पडतंय हे खरं, पण ते कमी पडतंय याचं कारणसुद्धा पीएचमध्ये आहे. मराठवाड्यात बोअरवर भरलेल्या टबांची बहुतेक दुखणी टबात पाणी पडायच्या आधीच सुरू झालेली असतात. पूलवाला येतो, गोळ्या देतो, पाणी निवळायचं औषध देतो, पण भरायच्या पाण्याचा अहवाल मागत नाही. तुम्ही तो काढून घेतलात, म्हणून नेमकं उत्तर देता येतंय.

आधी पाणी दुधाळ का होतं ते बघू. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा बसाल्ट आहे, वेरूळची लेणी कोरली तोच कातळ. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, थोडं आम्लधर्मी होतं आणि कातळातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, तेही त्यात भर घालतात. म्हणून बोअरच्या पाण्यात कॅल्शियमबरोबर बायकार्बोनेट भरपूर येतं. अहवालातली ‘अल्कलिनिटी ३४०’ म्हणजे मुख्यतः हेच बायकार्बोनेट. जमिनीखाली हे पाणी थंड आणि दाबाखाली असतं, त्यामुळे सगळं विरघळलेलं राहतं. ते टबात आलं की दोन गोष्टी एकदम होतात. आपण ते ३८-४० अंशांवर नेतो आणि जेटमधून हवा घुसळतो. सोड्याची बाटली हलवल्यावर गॅस निघावा तसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. तो गेला की पीएच चढतो, पीएच चढला की बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, आणि कॅल्शियम कार्बोनेट हा असा क्षार आहे जो साखरेच्या उलट वागतो: पाणी जितकं गरम तितका तो कमी विरघळतो. म्हणून तो सगळ्यात आधी बसतो तो हीटरच्या नळीवर, कारण टबातली सगळ्यात गरम जागा तीच. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच हा थर.

पाणी क्षार टाकणार की नाही हे आधी काढता येतं. विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ मध्ये मांडलेला निर्देशांक त्यासाठी अजून वापरतात. पूलवाल्यांच्या सोप्या रूपात तो असा: पीएच, आणि तक्त्यातून घेतलेले तापमानाचा अंक, कॅल्शियमचा अंक आणि अल्कलिनिटीचा अंक यांची बेरीज, वजा १२.१. उत्तर शून्याजवळ, म्हणजे उणे ०.३ ते अधिक ०.३ मध्ये असलं तर पाणी शांत. अधिक गेलं तर थर, उणे गेलं तर गंज. तुमचे आकडे घालू. पीएच ८.३; ४० अंशांसाठी ०.९; कॅल्शियम ३२० साठी २.१, अल्कलिनिटी ३४० साठी २.५. बेरीज १३.८, वजा १२.१, उत्तर अधिक १.७. एवढ्या आकड्याला पाणी दुधाळ न होतं तरच नवल. यात टबाचा, हीटरच्या कंपनीचा किंवा तुमच्या हयगयीचा काही संबंध नाही.

हेच पाणी पिण्याच्या कसोटीत मात्र बसू शकतं. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे एकूण हार्डनेस २०० पर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. अल्कलिनिटीलाही हेच दोन आकडे. तुमचे ५६० आणि ३४० या मर्यादेत आहेत. ‘आमचं पाणी तर प्यायला चालतं’ असं मला बरेच जण सांगतात. प्यायला चालेलही, पण ४० अंशांवर हवा घुसळून तीन आठवडे फिरवायला ते चालत नाही.

आता टबासाठी कुठल्या आकड्यांकडे जायचं ते सांगतो. पूलचे तक्ते अल्कलिनिटी ८० ते १२० ठेवा म्हणतात. जेट जोरात चालणाऱ्या आणि द्रव क्लोरीन वापरणाऱ्या टबात मी ती ५० ते ७० वर ठेवतो. अल्कलिनिटी हा पीएचला चढवणारा साठा आहे. साठा लहान असला की पीएच सावकाश चढतो आणि रोज ॲसिड ओतायची वेळ येत नाही. ५० च्या खाली मात्र जाऊ देऊ नका, मग पीएच एका दिवसात कुठेही भटकतो. कॅल्शियम १५० च्या आसपास, पीएच ७.४ ते ७.६. हे घालून बघा: ७.५ अधिक ०.९ अधिक १.८ अधिक १.८ वजा १२.१, म्हणजे उणे ०.१. पाहिजे तिथे आलो.

तिथे पोचायचे दोन-तीन मार्ग आहेत, आणि तुमच्याकडे छप्पर असेल तर पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. १०० चौरस मीटर पत्र्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की हिशोबाने अडीच हजार लिटर पाणी होतं. वाया जाणारं सोडलं तरी एका टबाचं पाणी एका चांगल्या पावसात जमतं. पहिला पाऊस वाहू द्या, कारण त्यात उन्हाळाभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. नंतरचं पाणी जाळीतून गाळून झाकणाच्या काळ्या टाकीत धरा. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि अल्कलिनिटीही नसते. अर्धं बोअरचं, अर्धं पावसाचं असं भरलं तर कॅल्शियम १६० वर आणि अल्कलिनिटी १७० वर येते, दोन्ही एका झटक्यात निम्म्यावर. नुसतं पावसाचं पाणी भरू नका. उपाशी पाणी हीटरची धातूची नळी आणि पंपाच्या सीलमधून आपलं खाद्य काढून घेतं.

दुसरा मार्ग सॉफ्टनरचा, म्हणजे मिठावर चालणारी रेझिनची टाकी. बंगल्याला ती आधीच बसवलेली असेल तर वापरा. पण एक गोष्ट सॉफ्टनर विकणारा सांगत नाही: सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम देतो, बायकार्बोनेटला हात लावत नाही. म्हणजे अर्धं-अर्धं मिसळून कॅल्शियम १६० झालं तरी अल्कलिनिटी ३४० च्या ३४० च. ती ॲसिडनेच उतरवावी लागते. आरओचं पाणी चालतं, मात्र १२०० लिटरसाठी जितकं वाया जातं ते बघता आपल्याकडे मी तो सल्ला देत नाही. टँकरचं पाणी घेत असाल तर प्रत्येक खेपेला तपासा. आज एका विहिरीचं, उद्या दुसऱ्या तलावाचं. कालचे आकडे आजच्या पाण्याला लागू पडत नाहीत.

ॲसिडचा हिशोब. ३० ते ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड, १२०० लिटर पाण्यात सुमारे २४ मिलिलिटर घातलं की अल्कलिनिटी १० ने उतरते. पावसाचं पाणी अर्धं मिसळलेलं असेल तर १७० वरून ६० वर यायला साधारण २६० मिलिलिटर लागेल. सॉफ्टनरचं अर्धं असेल तर ३४० वरून ६० वर यायला ६७० च्या आसपास. हे सगळं टबात ओतू नका. इथेच बहुतेकांचं चुकतं: एकदम ॲसिड पडलं की पीएच पाच-सहापर्यंत कोसळतो आणि ते आम्ल पाणी हीटरमधून फिरतं. मी हे काम प्लास्टिकच्या टाकीत करवून घेतो. टाकीला आम्लाचं काही होत नाही. टाकीत पाणी भरा, हिशोबाच्या अर्धं ॲसिड घाला, टुल्लू पंपाने तेच पाणी टाकीच्या तोंडापर्यंत उचलून वरून पडू द्या. पाणी पडताना कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच आपोआप वर येतो, पण उतरलेली अल्कलिनिटी परत चढत नाही. चार-सहा तासांनी मोजा, उरलेलं ॲसिड घाला, पुन्हा पाणी पाडा. रात्रभर चाललं की सकाळी टाकीत टबाजोगं पाणी तयार असतं. पंप जुना गंजका नसावा आणि काम उघड्यावर करावं, एवढीच अट. टबात मग राहिलं तर २०-२५ मिलिलिटरचं बारीक जुळवणं राहतं.

ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. बादलीभर पाण्यात ते मिसळून घ्या, हातमोजे आणि चष्मा घाला, वाऱ्याकडे पाठ करा. हार्डवेअरच्या दुकानात संडास धुवायला मिळतं ते पिवळं ॲसिड घेऊ नका. त्यातला पिवळेपणा बहुधा लोखंडाचा असतो आणि तो टबाच्या पांढऱ्या अंगावर तांबूस डाग सोडतो. रसायनांच्या दुकानातून पाण्यासारखं नितळ ॲसिड मागा.

आता क्लोरीन. पाण्यात पडल्यावर जंतू मारणारं रूप असतं हायपोक्लोरस आम्ल. पीएच ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग त्या रूपात असतो. तुमच्या ८.३ ला तो सहाव्या-सातव्या हिश्श्यावर येतो, बाकीचा आळशी बसून राहतो. म्हणून वर म्हणालो की क्लोरीन कमी पडण्याचं मूळ पीएचमध्ये आहे. आणि तो उग्र वास? पाहुणे म्हणतात ‘क्लोरीन जास्त झालंय’. उलट आहे. घाम, लघवी, त्वचेवरची घाण यांच्याशी क्लोरीन बांधलं गेलं की क्लोरामाइन तयार होतात. डोळे चुरचुरतात आणि नाकात झोंबतं ते त्यांच्यामुळे. मोकळं क्लोरीन पुरेसं असलेल्या पाण्याला फारसा वास नसतो.

गोळ्या आजच काढून टाका. त्या ट्रायक्लोरच्या, दुकानात ‘टीसीसीए ९०’ म्हणून मिळतात. मोठ्या पूलला ठीक. टबात त्यांचे दोन त्रास. एक, गोळीभोवतीचं पाणी अतिशय आम्ल असतं. डबी एका कोपऱ्यात अडकून राहिली की तिथलं ॲक्रिलिक फिकं पडतं आणि उशांचं रबर कडक होतं. दुसरा त्रास मोठा आहे. प्रत्येक १० पीपीएम (म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम) क्लोरीनमागे ही गोळी ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात सोडते आणि ते उडत नाही, संपत नाही, साठतच जातं. दिवसाला ३ पीपीएम क्लोरीन धरलं तरी महिन्याभरात ते ५० च्या वर जातं. मग क्लोरीन त्याला बांधलेलं राहतं: तपासणीत ३ दिसतं, पण जंतू मारायला अंगात जोर नसतो. उन्हातल्या उघड्या पूलला हे आम्ल थोडं उपयोगी असतं, कारण ऊन क्लोरीन खातं. टबाला झाकण असतं, तिथे त्याची गरज नाही. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था तर हॉट टबमध्ये ते वापरूच नका म्हणते.

त्याऐवजी सोडियम हायपोक्लोराइट, ज्याला सगळे नुसतं ‘हायपो’ म्हणतात. दहा टक्क्यांचं ताजं हायपो असेल तर हिशोब तोंडपाठ होतो: १००० लिटरला १० मिलिलिटर म्हणजे १ पीपीएम. तुमच्या टबाला १२ मिलिलिटर म्हणजे १ पीपीएम, ३६ म्हणजे ३. अडचण एकच, ते उन्हाळ्यात मरतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला कॅन महिन्या-दीड महिन्यात निम्म्या ताकदीवर येऊ शकतो. पाच लिटरच्या वर घेऊ नका, घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या खोलीत ठेवा, झाकण जरा सैल ठेवा कारण त्यातून वायू निघतो. आणि टाकल्यावर मोजून बघा. ३६ मिलिलिटर टाकून १.५ च वाढलं तर हायपो अर्धं झालंय असं समजा.

ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली तर चालेल का, असंही विचारतात. नळाच्या पाण्यासाठी ती चांगलीच आहे. टबात नको. ती चुन्यापासून बनते, आणि आपण कॅल्शियम कमी करायला एवढा आटापिटा केला तो सगळा ती परत आणून घालते, शिवाय तळाला गाळ बसतो. तुरटीही फिरवू नका. तिचा चिकट गाळ फिल्टरच्या घड्यांमध्ये अडकतो आणि ‘फ्लो एरर’ पुन्हा येतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण यात जीव जातो. हायपो आणि ॲसिड एका वेळी, एका बादलीत, एका मापाने कधीही नाही. दोन्ही भेटले की क्लोरीन वायू निघतो. ॲसिड टाकल्यावर पंप अर्धा तास फिरू द्या, मग हायपो. उरलेल्या ट्रायक्लोरच्या गोळ्या हायपोत किंवा टीसीएलमध्ये बुडवून ‘संपवायचा’ प्रयत्न करू नका, त्याचा स्फोट होतो. तिन्ही वस्तू वेगवेगळ्या ठिकाणी, आणि कामाला येणाऱ्या मावशींना किंवा गड्याला नावानिशी दाखवून ठेवा. बिसलरीच्या बाटलीत काढून ठेवलेलं ॲसिड मी शेतघरांमध्ये पाहिलेलं आहे. असं करू नका.

मोजायचं कशाने? बाजारात सहज मिळणाऱ्या पूलच्या डबीत दोन बाटल्या असतात: एक पाणी पिवळं करते, दुसरी लालसर. पिवळी बाटली एकूण क्लोरीन सांगते, मोकळं आणि बांधलेलं एकत्र. तुमच्या टबात तिने भडक पिवळा रंग दाखवला असणार आणि तुम्हाला वाटलं असेल क्लोरीन भरपूर आहे. गुलाबी रंग देणारी डीपीडीची तपासणी घ्या, ती मोकळं आणि एकूण वेगळं दाखवते. दोन्हीतला फरक ०.५ च्या वर गेला की बांधलेलं क्लोरीन जास्त झालं; त्या फरकाच्या दहापट मोकळं क्लोरीन एकदम चढवून, झाकण उघडं ठेवून, जेट चालू ठेवून ते फोडावं लागतं. ५ च्या खाली उतरेपर्यंत कुणी पाण्यात उतरायचं नाही. डीपीडीची एक खोड लक्षात ठेवा: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग येऊन लगेच उडतो आणि नळी पांढरी दिसते. तेव्हा ‘क्लोरीन शून्य’ समजून आणखी ओतू नका, नमुना साध्या पाण्याने निम्मा करून पुन्हा बघा. नमुना घेताना जेट बंद करा, कोपरापर्यंत हात बुडवून तिथलं पाणी घ्या, वरवरचं नको. नळी पांढऱ्या कागदासमोर, सावलीत धरा. दुपारच्या उन्हात सगळे रंग फिकेच दिसतात. अल्कलिनिटीची थेंबांची तपासणी वेगळी घ्यावी लागते, पण तुमच्यासाठी तीच सगळ्यात मोलाची आहे.

रोजचं वेळापत्रक फार नाही. पाहुणे उतरायच्या आधी मोकळं क्लोरीन ३ ते ५, पीएच ७.४ ते ७.६. पाहुणे उठले की लगेच ६० मिलिलिटर हायपो, चार-पाच जण तासभर बसले असतील तर १२०, पंप चालू, झाकण अर्धा तास उघडं. सकाळी मोजल्यावर ३ च्या खाली आलेलं असेल तर आदल्या रात्रीचा डोस कमी पडला. आठवड्यातून एकदा अल्कलिनिटी, महिन्यातून एकदा कॅल्शियम. वीज सहा-आठ तास गेली असेल तर मोजल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका; कोमट, थांबलेलं, क्लोरीन उतरलेलं पाणी जंतूंना फार आवडतं.

हे मी घाबरवायला सांगत नाही. स्यूडोमोनास नावाचा जंतू अशा पाण्यात वाढला की दोन दिवसांनी अंगावर, विशेषतः चड्डीखाली, लाल पुरळ उठतं. लेजिओनेला त्याहून वाईट: तो वाफेच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्सपेलच्या फुलांच्या प्रदर्शनात नुसता दाखवायला ठेवलेला हॉट टब चालू होता; त्यात कुणी उतरलंही नव्हतं, शेजारून फिरणाऱ्यांना लागण झाली आणि तीसहून अधिक माणसं गेली. पैसे घेऊन पाहुण्यांना टब देत असाल तर एक वही ठेवा, तारीख, वेळ, क्लोरीन, पीएच आणि कुणी मोजलं. ४० अंशांच्या वर तापमान नको. गरोदर बाई, हृदयाचा त्रास असलेली माणसं आणि पाच वर्षांखालची मुलं यांना टब नको, आणि दारू पिऊन तर कुणालाच नको. पाटी मराठीतच लावा, मोठ्या अक्षरात.

उतरण्याआधी साबण लावून अंघोळ हवी. आपल्याकडे केसांना खोबरेल असतंच, आणि दिवाळीत उटणं-तेल लावून थेट टबात उतरणारे पाहुणे येतात. ते तेल पाण्यावर फेस धरतं, फिल्टर चिकट करतं आणि क्लोरीन फस्त करतं. फेस मारायच्या औषधाने फेस दबतो, तेल तिथेच राहतं.

हीटरचं काय? आधी फिल्टरची कांडी काढून टब दोन मिनिटं चालवून बघा. ‘फ्लो एरर’ गेला तर हीटर ठीक आहे, कांडी चुन्याने आणि तेलाने भरली आहे. ती आधी तेल काढणाऱ्या द्रावणात रात्रभर बुडवा, स्वच्छ धुवा, मगच सौम्य आम्लात. उलटं केलंत तर आम्ल तेलाला घट्ट बसवतं. कांडी काढूनही एरर राहिला तर हीटरच्या नळीत थर आहे. मेन स्विच बंद करून मेकॅनिककडून नळी उघडवा आणि सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात भिजवून थर सोडवा. खरवडू नका, धातूवर ओरखडे पडले की पुढचा थर तिथेच आधी धरतो. जेटच्या तोंडाचा थर पीएच ७.४ वर राहिला की महिन्याभरात बराचसा स्वतःच सुटतो.

पाणी किती दिवस चालवायचं याला एक ढोबळ हिशोब आहे: टबाचे लिटर भागिले १२, भागिले रोज बसणारी माणसं. रोज चार जण बसत असतील तर तुमचं पाणी २५ दिवस चालेल. दोनच असतील तर ५०. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, त्या भागात दर आठवड्याला १२०० लिटर नाल्यात सोडा असं मी कुणालाच सांगणार नाही. वर सांगितलेली सगळी उठाठेव त्यासाठीच आहे. बदलायच्या आदल्या दिवशी नळ्या साफ करायचं द्रावण घालून जेट चालवा, आतला बुळबुळीत थर निघतो. हे द्रावण घातलेलं पाणी शोषखड्ड्यात सोडा. ते घातलं नसेल तर झाकण उघडून दोन दिवस उन्हात राहू द्या, क्लोरीन शून्य झालं की नारळाला, बांधावरच्या लिंबाला किंवा अंगण धुवायला वापरा. सॉफ्टनर वापरत असाल तर मात्र ते पाणी, आणि सॉफ्टनर धुतल्यावर निघणारं मिठाचं पाणी तर मुळीच, काळ्या मातीच्या वाफ्यात सोडू नका. सोडियम साठत गेलं की जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही आणि वर पापडी धरते. पावसाच्या पाण्याकडे मी झुकतो त्याचं हेही एक कारण आहे.

आत्ता टबात आहे त्या पाण्याचं काय करायचं ते राहिलं. महिनाभर गोळ्या पडल्या असतील तर सायन्युरिक आम्ल मोजून घ्या. ५० च्या वर असेल तर हे पाणी ठेवू नका, वरच्या पद्धतीने टाकीत नवं तयार करून मगच जुनं सोडा. कमी असेल तर एका वेळी ६० मिलिलिटर ॲसिड, जेट चालू, तीन-चार तासांनी मोजणी, असं करत पीएच ७ च्या खाली न जाऊ देता दोन-तीन दिवसांत अल्कलिनिटी १०० पर्यंत आणा. पाणी निवळायला लागेल आणि तोवर पाहुण्यांना टब बंद ठेवा. मे महिन्यात टब बंदच ठेवायचा विचार असेल तर अर्धवट भरून ठेवू नका. पूर्ण रिकामा करा, ब्लोअरने नळ्यांतलं पाणी बाहेर काढा, कांडी वाळवून घरात ठेवा आणि झाकणाखाली हवा खेळायला एक लाकडी पट्टी सरकवून द्या.